दुखवट्याचा आहेर

आईच्या, एनो पोकुआच्या, मयतीतून बाफोर ग्यामेराला बरंच काही मिळायचं होतं. ओडुम रेडिओ आणि टीव्ही हे आपलं केंद्र त्यानं राजधानी अक्रातल्या कंपनीला विकलं, त्याचे पैसे केव्हाच बँकेत जाऊन बसले होते. आता कंपनीनं नवं गाजर दाखवलं होतं: आसपासच्या सगळ्या केंद्रांचं अध्यक्षपद, गाडी आणि गाडीला ड्रायव्हर. अट एकच. टेचिमन गाव अजून आपल्या मुठीत आहे हे त्यानं दाखवून द्यायचं. आणि कुणाच्या मुठीत किती गाव, हे मोजायचं आमच्याकडे एकच माप आहे: त्याच्या घरच्या मयतीला मंडपात माणसं किती बसतात आणि माईकवर आहेर किती पुकारला जातो.

"एनो पोकुआ शहाणी बाई. मरायलासुद्धा लेकाच्या सोयीचा महिना बघितला," असं याम कंदांच्या बाजारात बाया बोलल्या.

पण मयत म्हटली की आवाज हवा, आणि गावातल्या मरणांचा आवाज होता आकुआ फ्रेम्पोमाचा. वीस वर्षं ओडुमवरून तिनं नाव घेतल्याशिवाय या गावात कुणी नीट मेलं नव्हतं. कंपनीनं ताबा घेतला त्याच आठवड्यात तिला मोबाइलवर निरोप आला, उद्यापासून येऊ नका. तिच्याबरोबर आणखी तीसेक जणांना तोच. सकाळचे यामचे भाव बंद झाले, त्या जागी अक्राहून गाणी वाजू लागली. विक्रीच्या आदल्या दिवशी ग्यामेरानं सगळ्यांना थंडगार माल्ट पाजून शब्द दिला होता, "एकाच्याही केसाला धक्का लागणार नाही." पुढे फ्रेम्पोमाला कळलं, कुणाला काढायचं हे त्यानंच सांगितलं होतं. तिच्याबद्दल म्हणाला होता, "खेडवळ आवाज आहे, अक्रात हसतील."

तोच ग्यामेरा आता तिच्या दारात, काळ्या कापडात, स्टुलावर अवघडून बसला होता.

"आकुआ, माईक तू धर. आईची इच्छा होती."

"आईची की अक्राची, मालक?"

"टोमणे नंतर मार गं. पैसे सांग."

"तुमच्याकडून पैसे? छे. खेडवळ बाई मी, हिशेब येत नाही मला." ती तांदळातले खडे निवडत होती, मान वर केली नाही. "फक्त रीत शेवटपर्यंत पाळायची. पुकारा मी करीन. मधे माईक कुणी घ्यायचा नाही. आणि दर पुकाऱ्याला उठून देणाऱ्याशी हात मिळवायचा तो तुम्ही. भावाला पुढे करायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

फुकटात पडलं म्हणून तो खूश होऊन गेला. फ्रेम्पोमानं तांदूळ बाजूला ठेवले आणि तडक यामचा बाजार गाठला. यामवाल्या बायांची राणी मामे कोनाडू हिच्याशी ती बराच वेळ हळू आवाजात बोलली. कोनाडूचं मोठ्यानं हसणं मात्र सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.

शनिवारी मंडप फुलून गेला. दुखवट्याची लाल-काळी कापडं नेसलेल्यांनी खुर्च्या भरल्या, आणखी मागवाव्या लागल्या. ओडुम टीव्हीचा कॅमेरा सगळं थेट दाखवत होता. पुढच्या रांगेत कंपनीच्या मिसेस लार्टे खास अक्राहून आलेल्या. ग्यामेरानं गर्दीकडे नजर फिरवली आणि त्याची छाती फुगली.

आहेर सुरू झाला. पहिला कंपनीचा, जाडजूड. फ्रेम्पोमानं आकडा पुकारला. टाळी वाजली ती फक्त पुढच्या रांगेत.

मग आहेराच्या टेबलापाशी याव तविया आला.

"याव तविया!" तिचा आवाज भोंग्यांतून घुमला. "ओडुमचा कॅमेरा चौदा वर्षं यानं धरला. मालकांनी मोबाइलवर निरोप धाडून घरी बसवलं. तरी आईच्या दुखवट्याला आलाय. एक सेडी! मालक, आभार माना."

ग्यामेरा उठला. एका सेडीत आमच्याकडे शेंगदाण्याची पुडीही धड येत नाही. हात मिळवला. बसतो न बसतो तोच पुढचं नाव.

"एफुआ मान्सा! स्टुडिओ झाडायची. तिलाही तोच निरोप. एक सेडी! मालक, उठा."

पाचव्या-सहाव्या पुकाऱ्याला मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. ग्यामेरा घामानं निथळत माईककडे सरकला. "आकुआ, पुरे."

"रीत आहे, मालक. दिलेला आहेर पुकारला नाही तर मेलेल्याचा अपमान." ती भावकीच्या प्रमुखाकडे वळली. "ओपानिन डोन्कोर, खोटं आहे का?"

म्हातारा डोन्कोर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "खरं आहे," तो म्हणाला. "बाफोर, ऊठ."

काढलेल्यांपैकी एकही आहेर द्यायचा राहिला नाही. त्यांच्यामागून मामे कोनाडू निघाली, आणि तिच्यामागे यामवाल्यांची अख्खी रांग. "यामचे भाव ऐकायला मिळत नाहीत, त्यामुळे यंदा हात आखडता आहे," कोनाडूचे शब्द फ्रेम्पोमानं जसेच्या तसे माईकवर पुकारले. "एक सेडी!" आता मंडप उघड हसत होता. मोठे व्यापारी पाकिटं घेऊन आले होते. त्यांनी ती खिशातच दाबली आणि सुटे शोधू लागले. गावाशी वैर कोण घेणार?

मिसेस लार्टे ड्रायव्हरला खुणावून उठल्या. जाताना ग्यामेराशी हात मिळवायचं त्यांना सुचलं नाही. अध्यक्षपद पुढे तमाले शहरातल्या कुणाला तरी मिळालं.

संध्याकाळी मंडपवाला, खुर्चीवाला, शवपेटीवाला आणि बैल देणारा, सगळे भावकीच्या ओसरीवर जमले. आहेरातून यांची देणी भागायची असतात. ते भागेनात. तूट वाटून घ्यायला भावकी नाही म्हणाली. "केंद्र विकलं तेव्हा आम्हाला कुठे विचारलंस?" डोन्कोरनं विचारलं. विक्रीच्या पैशांतूनच ग्यामेरानं सगळं भागवलं.

फ्रेम्पोमा घुटमळत होती. जाता जाता म्हातारा तिच्यापाशी थांबला.

"तुला दंड लावता येत नाही, पोरी. रीत तू तंतोतंत पाळलीस. पण रडणं राहिलं."

तिच्या तेव्हा ध्यानात आलं. कुणाच्याही मयतीत ती आधी मेलेल्याचं गुणगान करायची, बायांना रडवायची, मग आहेराकडे वळायची. आज एनो पोकुआबद्दल तिच्या तोंडून एक वाक्य निघालं नव्हतं. म्हातारीच्या आठवणीत बसायला आलेलं गाव हसत घरी गेलं होतं.

आता हिशेब. काढलेल्यांनी आणि यामवाल्यांनी भरला माणशी एक सेडी. कंपनीनं एक पाकीट. ग्यामेरानं विक्रीच्या पैशांचा मोठा लचका आणि अध्यक्षपदाची खुर्ची. सगळ्यांत जास्त भरलं एनो पोकुआनं. तिनं कुणाला कामावरून काढलं नव्हतं.