दोन सामोआंचा बांध

खिडकीत पत्र्याची ताटली आणि ताटलीत फोन. फोन थरथरला, ताटली खडखडली आणि रविवारच्या सकाळची शांतता मोडली. आमच्या गावात रविवारी नारळसुद्धा हळूच पडतो. सारा गाव पांढरे कपडे घालून चर्चला निघाला होता. तिलोमाईनं लेकीच्या अर्ध्या घातलेल्या वेणीतून हात काढला आणि फोन उचलला. तिच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तीच माझ्या शेडची भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पण आधी मी कोण ते सांगतो.

मी एक जुना तरंगता बांध आहे. मित्रांनो, बांध म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शेताचा बांध आला असेल, ज्याच्यावरून शेजारी शेजारी भांडतात. मीही दोन शेजाऱ्यांचाच. पण माझं काम पाण्यावरचं. जहाजातून तेल सांडलं की मला समुद्रावर पसरतात. वर नारिंगी फुगे, खाली जाड कापडाची झालर आणि झालरीच्या काठाला साखळी. फुगे मला तरंगत ठेवतात, साखळी मला सरळ ठेवते आणि तेल माझ्यापाशी येऊन थांबतं.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका कारखान्यात झाला. मला विकत घेतलं तुतुइला बेटावरच्या सरकारनं, आणि सांभाळायला घेतलं इकडे उपोलू बेटावरच्या सरकारनं. तुतुइला अमेरिकेच्या झेंड्याखाली, उपोलू स्वतंत्र. दोन्ही सामोआच. भाषा एक, आडनावं एक, मावश्या-आत्या दोन्हीकडे वाटलेल्या. सरकारं तेवढी दोन, आणि मधल्या समुद्रात वारांची रेघ. आमच्याकडे रविवार उजाडतो तेव्हा तिकडे शनिवार असतो.

मी आलो तेव्हा काय थाट होता! दोन्हीकडचे मंत्री आले, माझ्यावर फुलांच्या माळा पडल्या, भाषणं तर इतकी लांबली की डुकराचं मांस भट्टीत करपलं. समुद्र दोघांचा, तेव्हा राखणही दोघांनी करायची, असा करार झाला. सुरुवातीला दर वर्षी सराव व्हायचा. मग कुणाची बदली झाली, कुणी विसरलं. शेडला कुलूप लागलं. माझ्या घड्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि उंदरांनी झालर कुरतडली. तेलच सांडलं नाही, ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण अंधारात पडून राहिलेल्याला ते कसं समजणार?

मग पर्यावरण खात्याच्या नोकरीवर तिलोमाई आली. तान्ह्या लेकीला, पेलेला, कडेवर घेऊन तिनं कुलूप काढलं, कोंबड्या हाकलल्या आणि पेले झोपली की वेळ काढून मला ठिगळं लावत बसली. ती मला शिवायची आणि लेकीसाठी अंगाई म्हणायची. दोघांनाही ती पुरायची. तिचे उपकार मी कसे विसरेन?

तर त्या रविवारी फोन आला तो एसेताचा. एसेता म्हणजे तिलोमाईची मावसबहीण, तिकडे तुतुइलात पर्यावरण खात्यातच काम करणारी.

"तिलो, केव्हाची फोन लावतेय! झोपा काढताय की काय सगळे?"

"अगं, रविवार आहे आज."

"तुमच्याकडे! आमच्याकडे शनिवार आहे, आणि मासेमारीची बोट खडकावर फुटलीय. तेल आईच्या खाजणाकडे सरकतंय. संध्याकाळच्या भरतीला आत शिरेल. बांध पाठव!"

खाजणात खारफुटीची दाट राई होती आणि चिखलात खेकडे. त्या खेकड्यांवर एसेताच्या आईनं पोरं वाढवली होती. खारफुटीच्या मुळांत एकदा तेल शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही.

तिलोमाईनं राजधानीतल्या साहेबांना फोन लावला. ते चर्चमध्ये, फोन बंद. सराव नेहमी कामाच्या दिवशी झालेला. तेल रविवारी सांडेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि गावाचा नियम असा, की रविवारी बोट पाण्यात घातली तर दंड. बोट होती गावच्या मुखियांची, मताई फाओलिउंची. ते समोरच्या चर्चच्या पायरीवर उभे होते.

"मताई, तुमची बोट हवीय. आत्ता."

"उद्या ने की, पोरी."

"उद्यापर्यंत तेल खाजणात गेलेलं असेल."

"अगं, मागे रविवारी जाळं टाकलं म्हणून या पोआसाला मीच दोन डुकरांचा दंड केला. आज मीच बोट काढली तर हा मला सोडेल?"

"अजिबात नाही सोडणार," मागून पोआसा म्हणाला. लोक हसले.

"पण तिकडे शनिवार आहे, मताई."

"मग शनिवारचं काम शनिवारवाल्यांनी करावं."

"ते करतायतच हो! पण बांध इकडे रविवारात अडकलाय, त्याला काय करू?"

फाओलिउंनी काठी पायरीवर आपटली.

"ती वारांची रेघ कुठे लागते गं?"

"मधे समुद्रात."

"म्हणजे सगळी वाट रविवारची नाही. रेघेपर्यंत स्तोत्रं म्हणत जाऊ, पुढे शनिवार! पोआसा, चल. दंडाचं आल्यावर बघू. माझं एक डुक्कर तुझ्या दोन्हींपेक्षा जाड आहे."

मग शेडचं दार उघडलं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं मला खांद्यावर घेऊन धक्क्याकडे निघाली. पाद्रीबाबांनीही येऊन माझं शेपूट उचललं. त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर माझी धूळ लागली. मताई आणि पोआसा बोटीत बसले आणि पेलेला पाद्रीबाईंच्या हाती देऊन तिलोमाईही चढली, कारण माझे जोड तिलाच ठाऊक. धक्क्यावर स्तोत्रं सुरू झाली. इतकी माणसं माझ्यासाठी एकदम कधीच गायली नव्हती.

"लागला शनिवार!" तिलोमाई ओरडली तसा पोआसानं जेवणाचा पुडा सोडला. केळीच्या पानातले तारोचे उकडलेले कंद आणि नारळाच्या रसातली पालेभाजी. "रविवारचं जेवण शनिवारी, आणि तेही मताईंच्या घरचं!"

एसेता खाजणाच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिच्या बाजूला तिकडचे शिपाई, इकडचा पोआसा, आणि काठावर तिची म्हातारी आई. माझं एक टोक या काठाला बांधलं, दुसरं त्या. मग भरती आली.

मित्रांनो, तेल फार जड असतं हो. काळं, चिकट, वास मारणारं. ते माझ्या अंगावर रेलत गेलं. एका जुन्या ठिगळाशी टाका ताणला गेला आणि मला वाटलं, संपलं. पण तो तिलोमाईचा टाका होता. तुटला नाही. एका कोपऱ्यात लाट वरून गेली, तिथली थोडी झाडं काळी पडलीच. ते मी लपवत नाही. बाकी सारं खाजण हिरवं राहिलं. दोन्ही सरकारांच्या माणसांनी तेल उपसलं, तोवर मी जागचा हललो नाही. म्हातारीनं पाण्यात उतरून माझ्या फुग्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबवलंस रे बाबा." असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिकडे रविवार उजाडला. फाओलिउ पुन्हा चर्चमध्ये जाऊन पुढच्याच बाकावर बसले. म्हातारीनं त्यांच्यासाठी टोपलीभर खेकडे काढले.

"आई, जिवंत खेकडे पलीकडे न्यायला बंदी आहे. नियम मीच केलाय," एसेता म्हणाली.

"मग तूच बस शिजवत!"

गावी परतल्यावर फाओलिउंनी आपल्या डुकराचा दंड भरला, त्याचं गावजेवण झालं आणि सगळ्यांत जास्त पोआसानं खाल्लं. त्याच पंगतीत ठरलं की या कामाला यापुढे दंड नाही. दोन्ही कार्यालयांनी करारात वाढवलं, की वार कुठलाही असो, फोन उचलायला दोन्हीकडे एक माणूस राहील.

आता मी जुना झालोय, पण कृतज्ञ आहे. ज्यांनी मला घेतलं त्यांचा, ज्यांनी शिवलं, खांद्यावर वाहिलं त्यांचाही. मित्रांनो, एवढंच मागतो. जी वस्तू रोज लागत नाही, तिला अधूनमधून उन्हा-वाऱ्याला काढा, फाटलं तर शिवा. आणि शेजाऱ्याचं पाणी आपल्याच घरचं समजा.

परवाच तिलोमाई मला अंगणात पसरून न्हाऊ घालत होती, लेकराला घालावं तसं, हलक्या हातानं. पेले माझ्या फुग्यावर घोडा घोडा करत बसली होती. एकदम थांबून तिनं विचारलं,

"आई, आपल्याकडे आणि एसेतामावशीकडे एकाच वेळी तेल सांडलं, तर हा कुठे जाणार?"

तिलोमाईच्या हातातली पाण्याची नळी माझ्या एकाच फुग्यावर कितीतरी वेळ वाहत राहिली.