माझ्यावर नारळ फोडू नका

मी विळ्या-खुरप्यांना धार लावणारा एक जुना ग्राइंडर आहे. मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझी मोटर अजून एका दमात फिरते, आणि मला जे सांगायचं आहे ते मी ताठ मानेनेच सांगणार आहे.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. डावीकडे खरखरीत दगडी चाक, उजवीकडे बारीक. जळगाव जामोदजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या अर्जुनरावांनी अकरा वर्षांपूर्वी मला खामगावहून आणलं आणि छपरीत सागाच्या फळीवर चार बोल्टांनी घट्ट बसवलं. तेव्हा माझा थाट होता. ठिणग्यांपासून डोळे वाचवणारा चष्मा लावल्याशिवाय अर्जुनराव बटणाला हात लावत नसत. चालू करताना बाजूला उभे राहत, मिनिटभर मला रिकामं फिरू देत, मगच समोर येत. अवजार टेकवायची पट्टी आणि चाक यांच्यात काडेपेटीच्या काडीएवढीच फट ठेवत. पातं तापलं की पाण्यात बुडवत. साऱ्या गल्लीचे विळे आणि खुरपी माझ्याकडे यायची, आणि धार बघून लोक माझं नाव काढायचे.

पण अतिपरिचयात अवज्ञा व्हायचीच. चष्मा खुंटीवर गेला, खुंटीवरून गोठ्यात. मोठी कुऱ्हाड मावेना म्हणून चाकावरचं लोखंडी झाकण काढलं, ते परत बसलंच नाही. एकदा तर अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याची कड माझ्यावर घासली. त्या मऊ धातूने चाकाची छिद्रं बुजली, धार लागेना, आणि वर मलाच बोल की मशीनच खराब निघाली. मी खराब निघालो नव्हतो. मला खराब केलं होतं. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. अर्जुनरावांचे वडील या दिवशी नांगराच्या फाळावर नारळ फोडत. घरात ट्रॅक्टर आला, नांगर गेला, आणि तो मान माझ्याकडे आला. हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार झाला. अर्जुनरावांनी मनोभावे डोळे मिटले आणि नारळ आपटला तो थेट माझ्या डाव्या चाकावर. दुसऱ्या दणक्याला नारळ फुटला, आणि माझं चाकही तडकलं. केसाएवढी चीर, तीही कुंकवाखाली झाकलेली. मला संताप आला, मित्रांनो. भक्ती होती, मान्य. पण मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेणारं तडकलेलं चाक भक्ती बघत नाही. त्याचे तुकडे उडतात ते समोरच्याच्या तोंडावर.

आणि समोर उभ्या राहणार होत्या अर्जुनरावांच्या पत्नी गीताबाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी खुरपायला जायचं म्हणून त्या खुरपं घेऊन आल्या. त्यांनी हार काढला, ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. चाक वाळलं, पण एक बारीक रेघ तेवढी ओलीच राहिली. अर्जुनरावांचा हात बटणाकडे गेला, तोवर गीताबाईंनी विजेच्या बोर्डातली माझी पिन उपसून मुठीत धरली होती. आधी चाक काढा, एवढंच त्या म्हणाल्या.

चाक निघालं. गीताबाईंनी भोकात बोट घालून ते अधांतरी धरलं आणि खुरप्याच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकून बघितलं. बाजारात माठ घेताना त्या असंच वाजवून घेतात. आवाज बद्द आला.

"हा दगड हाय, माठ नाही," अर्जुनराव हसले.

गीताबाईंनी उजवं चाकही काढायला लावलं. ते खणखणीत वाजलं. अर्जुनरावांचं हसू मावळलं, पण हट्ट काही मावळला नाही. पूजेचं चाक फेकलं तर वर्षभर अपशकुन, एवढं खुरपं तरी होऊ दे, असं ते म्हणू लागले.

तेव्हा गीताबाई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मूर्ती भंगली तं आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, तिले पाण्यात सोडतो. मंग हे भंगलेलं चाक माह्या तोंडासमोर काऊन फिरवता?"

अर्जुनरावांनी चाक दोन्ही हातांत घेतलं आणि अंगठ्यांनी जरा दाबलं. कडकन दोन तुकडे झाले. ते तुकडे मांडीवर घेऊन त्यांनी एकदा गीताबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग उठले आणि गोठ्यात चष्मा शोधायला गेले.

आता नवं चाक आहे, झाकणही जागेवर आहे. मित्रांनो, मी हात जोडून विनवणी करणार नाही. मला हात नाहीत, आणि चूकही माझी नव्हती. माझ्या अटी आहेत. डोळ्यांवर चष्मा हवा. पदर, ओढणी, उपरणं खोचलेलं हवं. चाक बसवण्याआधी वाजवून घ्या, आणि काम झालं की पिन बाहेर काढा. एवढं जमत नसेल तर विळा बोथट राहू द्या. मला नमस्कार नाही केलात तरी चालेल.

यंदाच्या खंडेनवमीला अर्जुनरावांनी नारळ दारातल्या पायरीवर फोडला. गीताबाई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या, आणि पहिलं बोट टेकवलं ते खुंटीवरच्या चष्म्याच्या दांडीला. माझा पहिला मान गेला. अकरा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.