बॅटरीचा पट्टा

लेकीने बॅटरी खाचेत बसवली, पट्टा बकलातून ओवून आवळला, दोन्ही हातांनी हिसडा दिला आणि मोठ्याने म्हणाली, "पक्की." ही हाक आल्याशिवाय रोबो मैदानात न्यायचा नाही, असा त्यांच्या कॉलेजच्या चमूचा शिरस्ता होता.

रोबोंच्या झुंजी बघायला पहिल्या रांगेत बसलेल्या आईचा जीव भांड्यात पडला. चमूत लेकीकडे काम होतं ते बॅटरीचं, तेवढंच. आई दवाखान्यात जखमा बांधायची, म्हणून पोरं चिडवत, पट्ट्या बांधणं तुमच्या घराण्यातच आहे. आजचा दिवस धड गेला तर पुढच्या वर्षी तिला रोबोच्या मोटारींना हात लावायला मिळणार होता. चुकली तर घरी.

लेक हात पुसायला वळली. तेवढ्यात कप्तानाने पट्टा सोडला, आतली वायर दाबून पाहिली आणि पट्टा नुसताच वरून टाकला. बकल मोकळंच. आईला ते लख्ख दिसलं. ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. एवढा हुशार मुलगा, त्याला का कळत नसेल? उगाच आपलं हसं. डॉक्टरांच्या चुकांची बोलणीही तिने अशीच खाली मानेने खाल्ली होती. गप्प बसणाऱ्याचं काही बिघडत नाही, हे तिने लेकीलाही दुधाबरोबर पाजलं होतं.

पहिल्याच धडकेला बॅटरी उसळली आणि वायरीला लोंबकळत राहिली. रोबो जागीच थंड.

"बॅटरी हिच्याकडे होती," कप्तान शांतपणे म्हणाला.

लेक सांगत राहिली, मी ओढून पाहिली होती. मग काय भुताने सोडली, असं चमूच्या सरांनी विचारलं. तिने कुणी बोलतंय का म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी आईकडे. आई पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

"चुकलं माझं, सर," लेक म्हणाली. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघू, असं सर जाता जाता बोलून गेले.

बसमध्ये लेकीने सॅक मांडीवर घेतली.

"आई, तू समोरच होतीस. पट्टा कुणी सोडला?"

"जाऊ दे गं. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?"

"दिसलं होतं का तुला?"

"दिसलं."

लेकीने मान हलवली. मग मांडीवरची सॅक उचलून तिने दोघींच्या मध्ये ठेवली आणि खिडकीकडे सरकली.