भिजवलेली मोहफुलं

चैत्रातल्या सकाळी मोहफुलांचा मादक, किंचित आंबूस गंध अहेरीकडच्या आमच्या गवती छपराच्या शाळेत दाटून यायचा आणि त्या गंधातूनच कुसुमबाईंचा कोरडा, संथ स्वर ऐकू यायचा. वर्धेकडून एकट्याच आलेल्या या शिक्षिकेच्या चेहऱ्यावर शिशिरातल्या उन्हासारखं स्वच्छ, पण ऊब नसलेलं तेज होतं. हसणं म्हणाल तर दसरा-दिवाळीला! पण हात मोठे बोलके. भौतिक आणि रासायनिक बदल शिकवताना त्यांनी सुकलेली मोहफुलं वाटीभर पाण्यात टाकली. ती फुगून पुन्हा ताज्यासारखी टपोरी झाली. दुसरी मूठ निखाऱ्यावर टाकली. तिचा कोळसा झाला.

"जळलं ते गेलं. जे जळलं नाही, ते परत येतं," बाई म्हणाल्या. पोरांना सोपं पडावं म्हणून नियमाची अशी मोडतोड करायची त्यांना सवय होती.

आमच्या वर्गातल्या सोमीची आई माघात वारली होती. त्यांच्यात मृताला पुरतात, वर दगड उभा करतात. धड्यानंतर सोमी रोज शाळा सुटली की पाण्याचा लोटा घेऊन त्या दगडाकडे जाऊ लागली. आम्हांला वाटलं, असेल काही रीत. एके दिवशी तीच वर्गात उभी राहिली.

"बाई, माह्या मायले जाळलं नाई, पुरलं हाये. मी रोज पाणी टाकून राह्यली. मंग ते वापस काऊन येत नाई?"

बाईंनी खडू खाली ठेवला. खोटं सांगून वेळ मारून नेणं सोपं होतं, आणि त्या वेळी मला तेच हवं होतं. पण बाई येऊन सोमीशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसल्या.

"चुकलं माझं, पोरी. माती न जाळताही बदलून टाकते. तुझी आई नाही येणार." मग फार हळू म्हणाल्या, "माझं बाळही पुरलंच होतं गं."

सोमी हंबरडा फोडून रडली. बाई रडल्या नाहीत. तिच्या पाठीवरून फक्त हात फिरवत राहिल्या. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

गेलेलं माणूस परत येत नाही, हे कळायला एक तास पुरतो. पण आज या वयातही वाटतं, त्याची वाट पाहणं थांबवायला अख्खा जन्म पुरत नाही.