उकिडवं बसण्यापुरतं

"गुडघा पुढे ढकलू नका, मॅडम. वजन टाचेवर राहू द्या," शेखर सर म्हणाले.

"आधीच्या ताई तर म्हणायच्या, वाकू द्या गुडघा."

"त्या कुठला योग शिकवतात?"

मला त्या योगाचं नाव आठवेना. भूगावातला हा माझा तिसरा वर्ग. पहिल्यात गाण्याच्या ठेक्यावर सूर्यनमस्कार घालायचे. आठवड्यातच उजवा गुडघा पावासारखा फुगला. दुसऱ्यात एकेका आसनात डोळे मिटून पडून राहायचं आणि ताईंचं सांगणं, वाकेल तेवढं वाकू द्या, शरीराचं ऐका. माझं शरीर सकाळी एक सांगे, संध्याकाळी दुसरंच. हा तिसरा वर्ग पट्ट्यांचा, उशांचा आणि खुर्च्यांचा; त्यांच्या आधारानं आसनं करायची.

"तुम्हाला नेमकं काय जमायला हवंय?" सरांनी विचारलं.

"उकिडवं बसायचंय. आणि कुणाचा हात न धरता उठायचंय."

"कधीपर्यंत?"

"पितृपक्षातल्या नवमीपर्यंत."

ते हसले नाहीत. "या वयात, एवढ्या घाईनं नाही होणार. ओढाताण केलीत तर आहे तेही जाईल."

आई सवाष्ण गेली. अशा बाईसाठी अविधवा नवमीला एका सवाष्णीला घरी बोलावतात, तिचे पाय धुतात, ओटी भरतात, जेवू घालतात. आई गेल्यानंतरची ही पहिलीच नवमी. मला भाऊ नाही, म्हणजे घरात सूनही नाही. पाय मीच धुवायचे होते. आईचे गुडघे भातखाचरांच्या चिखलात गेले. माझे बँकेच्या खुर्चीत बसून कसे गेले, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

मी खुर्च्यांच्या वर्गातच राहिले. तिथं दुखत नव्हतं. पण तो गुडघ्यांसाठी निवडला की भीतीपोटी, हे मला कळेना. खाली बसायला शिकायला आले आणि खुर्चीत बसायला शिकत होते. एकदा वाटे, आधीच्या ताईंकडे परत जावं. एकदा वाटे, सगळंच सोडावं. यातच नवमी आली.

मुळशीच्या घरी माझ्या वडिलांनी, आबांनी, पाट मांडून ठेवला होता. भावकीतल्या बायका असतानाही त्यांनी साळूबाईला सांगावा धाडला होता. ती आईची भातलावणीतली जोडीदारीण.

ती दारातूनच आबांना हाक मारत ओरडली, "तानाजीदादा, माजं म्हातारं अजून हाय म्हनून आज मला खीर! न्हाईतर कोन इचारतंय?"

मग तिनं पाटाकडे पाहिलं. "ह्याच्यावर बसवलंस तर उठवायला क्रेन आन, पोरी."

"खुर्ची देऊ?"

"दे की. पन मग तू कुटं बसनार?"

"मलाही खाली बसता येत नाही, मावशी."

हे मी घरात पहिल्यांदाच बोलले.

"तू तर योगाला जातीस म्हनं. काय शिकलीस तितं?"

"खुर्चीत बसायला."

"आगं बया!" ती पदर तोंडाला लावून हसली. "ते तर मला न शिकता येतंय."

आबांनी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये परात ठेवली. मी पाठ ताठ ठेवून वाकले. पावलं फार खाली होती. श्वास सोडला, पुन्हा वाकले. बोटं तिच्या पोटरीपाशीच थांबली. आईसाठी करायचं हे एवढंच होतं, आणि तेही मला करता येत नव्हतं.

"थांब," साळूबाई म्हणाली. तिनं लुगडं सावरलं, दोन्ही हातांनी आपला पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"साडी भिजंल तुजी."

"भिजू दे."

आबा तांब्यानं पाणी घालू लागले. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. टाचेच्या भेगा बोटांना लागत होत्या. पाणी साडीतून झिरपून परातीत पडत होतं.

दुसरा पाय मात्र तिला उचलवेना. तिनं एकदा उचलून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तेव्हा आबांनी तांब्या खाली ठेवला, धोतर आवरलं आणि ते तिच्यासमोर सहज उकिडवे बसले.

"आवं दादा, पाय नका धरू!"

"गप बस," आबा म्हणाले, आणि तो पाय हलकेच उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.