ताटलीतला मनोरा

ताराबाईंनी चिनीमातीची ताटली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

"हे काऊन नेता, आई?" सुनेने, प्रगतीने, विचारलं.

"तिथं गेल्यावर मनोरा वळखू आला पायजे ना. एकदा हात लावून येतो, बस."

ताटलीवर आखातातल्या जागतिक प्रदर्शनाचा निळा मनोरा होता. 'हा आमी बांधून राह्यलो,' असं सांगून मुलाने, विनयने, ती ताराबाईंना पाठवली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, तिकडेच, कामावरून येऊन झोपला तो पुन्हा उठला नाही. नेरडीगोंड्याच्या घरात ताटली त्याच्या फोटोशेजारी उभी राहिली.

प्रगती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. नवऱ्याची ताटली पहिल्यांदा पुसताना तिला दिसलं होतं, मनोऱ्याची सावली डावीकडे पडली होती आणि खजुरांची उजवीकडे. म्हणजे फोटो नव्हे, चित्र. पण चित्र आहे म्हणून मनोरा नसेलच, असं सिद्ध होत नव्हतं. तिने कुणाला विचारलं नाही.

हर्षदीप पासपोर्ट घेऊन आला. तो विनयबरोबर कामाला होता. सुटी संपवून परत जाताना ताराबाईंना तोच नेणार होता.

"जय भीम, मावशी. झाली तयारी?"

"झाली. तुमच्या मनोऱ्याले लिफ्ट हाय ना? नाही तं मले पाठीवर घेजो."

हर्षदीप हसला नाही. त्याने प्रगतीकडे पाहिलं. तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला.

"सांगून टाका, भाऊ."

"मावशी, तो मनोरा बांधलाच नाही. ताटल्या आधीच छापल्या होत्या, मंग नकाशा रद्द झाला. ताटल्या सस्त्यात विकल्या. विनयनं तिथूनच घेतली."

बॅगेच्या चेनवरचा ताराबाईंचा हात थांबला.

"मंग तुमी काय करत होते?"

"पाया खांदला होता. म्या अन् त्यानं. मंग आमालेच बुजवाले लावला."

हायवेवरून ट्रक गेला. चहावर साय धरली होती.

"आता काय हाय तिथं?"

"मैदान. गाड्या उभ्या रायतात."

"पाय ठेवू देतात?"

"देतात."

ताराबाईंनी ताटली काढून प्रगतीच्या हातात दिली. फोटोपुढचा मेणबत्त्यांचा पुडा उचलून त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधला, मग थांबल्या.

"वारा असते का रे तिथं?"

"असते, मावशी."

त्यांनी पुडा सोडला, बारीक मेणबत्त्या परत ठेवल्या आणि फळीवरच्या जाड्या काढल्या.