खिडकीजवळचं टेबल

इतिहास आणि भूगोल या दोन विषयांना मिळून कॉलेजने एकच खोली दिली होती, आणि त्या खोलीला खिडकीही एकच. खिडकीजवळचं टेबल सुलतान सरांचं. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर जुनी इस्लामी साम्राज्यं शिकवायचे आणि शिकवता शिकवता असे रंगात यायचे की बगदादचा खजिना यांच्याच घरी पोचतोय असं वाटावं.

तीन महिन्यांपूर्वी आधुनिक साम्राज्यं शिकवणारे नवे सर आले. मुलांनी लगेच त्यांचं बारसं केलं: कंपनी सर. ते "दोन दिवस एक खुर्ची ठेवतो" म्हणून आले. खुर्चीमागून टेबल आलं, टेबलामागून कपाट, कपाटाला कुलूप. आता त्यांच्या प्रिंटरने खिडकीजवळच्या टेबलावर एक पाय टाकला होता, आणि सुलतान सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खिडकी गेली तर या वयात ट्यूबलाइटखाली बसायचं?

त्यात शनिवारी दोघांचं मिळून व्याख्यान होतं, दोन्ही प्रकारच्या साम्राज्यांच्या तुलनेवर. दोघेही आपापल्या साम्राज्याची बाजू माहेरच्या माणसांसारखी घ्यायचे.

"आमचे ऑटोमन कर घेत, पण लोकांना आपापल्या धर्माने जगू देत," सुलतान सर म्हणाले. "उगाच घरात शिरून सुधारणा करत नव्हते."

"आणि ख्रिस्ती गावांतली पोरं उचलून न्यायचे, ते?"

"त्यातले काही पुढे वजीर झाले!"

"त्यांच्या आयांना विचारलं होतं?"

सुलतान सरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "तुमच्या साम्राज्यांचं सांगा की. आधी वखार, मग वखारीला पहारा, मग पहाऱ्याला किल्ला. हल्ली तर झेंडाही लावत नाहीत, नुसता लष्करी तळ ठोकतात."

"रेल्वे तर बांधली ना?"

"माल बंदरावर न्यायला!"

असं म्हणत त्यांनी प्रिंटर ढकलला. कंपनी सरांनी तो परत ढकलला. प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. प्राचार्य वैतागून म्हणाले, "जो आधीपासून खिडकीत बसतोय, त्याची खिडकी. साक्षीदार आणा आणि मला सोडा."

सुलतान सरांना हायसं वाटलं. साक्षीदार घरचाच होता. दाराशेजारी, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, भूगोलाच्या मॅडम बसायच्या. इतक्या वर्षांत कधी कुरकुर नाही की काही नाही. रोज अकरा वाजता त्यांच्या फ्लास्कमधला पहिला कप सर स्वतःच ओतून घ्यायचे, तरी चकार शब्द नाही. आपल्या भाषणातलं आवडतं वाक्य सरांना यांच्याकडे बघूनच सुचलं होतं: 'प्रजेची तक्रार नव्हती.'

"मॅडम, सांगा बरं यांना. खिडकीत आधीपासून कोण बसतंय?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच होते. तुमची दोन कपाटं ठेवायला दुसरीकडे जागा होईना, म्हणून आठवडाभरासाठी मी इकडे सरकले."

सुलतान सरांना खरोखरच आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कंपनी सर मात्र खूश. "बघा! मी मॅडमना टेबललॅम्प तरी दिला."

"दिलात. पण त्याचं बटण तुमच्या टेबलाखाली आहे. वाचायचं असलं की मला तुमची परवानगी लागते."

अर्ध्या तासात मॅडमचा पृथ्वीगोल खिडकीत गेला. सुलतान सर दाराशी आले. कंपनी सर टेबलाखाली ओणवे होऊन लॅम्पची वायर सोडवत होते.

अकरा वाजले. सवयीने सुलतान सर मॅडमच्या टेबलाशी गेले. हात फ्लास्ककडे वळला आणि अर्ध्यावर थांबला.

"मॅडम, थोडा चहा मिळेल?"

"आज नको, सर. मलाच कमी आहे."

इतक्या वर्षांत मॅडमच्या तोंडून 'नको' त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. आधी ऐकणार कुठून, विचारलंच कधी नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. जागेवर येऊन त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं शनिवारचं भाषण पुढ्यात ओढलं आणि ते आवडतं वाक्य शोधून काढलं.

"मॅडम," ते उभे राहून म्हणाले, "तुमचा खोडरबर घेऊ का?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "घ्या," त्या म्हणाल्या, "पण परत आणून द्या."